तीस फुटांचा उतार

ता. ४ मार्च

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल आहोत. कलामेळ्याचा मंच तुम्हीच बांधायचा, हे समितीने एकमताने मान्य केले. तुमचे गुडघे दुखतात हे मी मुद्दामच सांगितले नाही.

मंच अडीच फूट उंच हवा. बाहुल्या नाचवणाऱ्या मावशींची चाकांची खुर्ची कुणी न उचलता वर गेली पाहिजे. त्यांनी बजावले आहे, की त्या पोते नाहीत. म्हणून फुटाला बारा फूट असा लांब उतार धरा.

आणि काका, थोरल्या बाई रविवारी येऊन जागा दाखवतील, तोवर जमिनीला हात लावू नका. ते मैदान मुळात त्यांच्या लोकांचे. तीन वर्षे त्यांच्या ओसरीवर बसले, तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. तुम्हाला गप्प बसवत नाही, म्हणून पुन्हा लिहिते: हात खिशात ठेवा.

लोभ आहेच, त्यात काटछाट नको.
तुमची,
टिटवी

ता. ८ मार्च

चि. टिटवीस अ. उ. आ.

पत्र पोचले. मी बरा आहे, पण झोप नाही. फळ्या ओल्या निघाल्या आहेत. मेळ्याला सतराच दिवस उरले. रविवार उजाडेपर्यंत बसून राहिलो तर घाईत मावशींचा उतार आखूड आणि चढा होईल, खुर्ची घसरेल, आणि लोक म्हणतील म्हाताऱ्याला माप कळत नाही.

म्हणून आज फक्त सुतळी ताणून पाहिली. अडीच फुटाला तीस फूट होतात. सपाट जागा एकवीसच फूट आहे, पुढे झुडपांजवळ उंचवटा लागतो. त्या उंचवट्यावरही नेत खुंट्या ठोकल्या, दर तीन फुटांवर एक, अशा दहा. खुंटी म्हणजे काही खांब नव्हे. सुतळीशिवाय सुताराला दिसत नाही, हे थोरल्या बाईंनाही समजेल. तू रागावू नकोस.

तुझ्या चुलत्याचा आशीर्वाद पाठीशी आहे.

ता. ११ मार्च

चि. टिटवीस अ. उ. आ.

कसे लिहू ते कळत नाही. माझ्या हातून वाईट झाले.

थोरल्या बाई भाच्याचा हात धरून आल्या. सुतळीच्या कडेने चालत गेल्या आणि नवव्या खुंटीपाशी थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या खाली बसल्या आणि खुंटीच्या डोक्यावर तळवा ठेवला. भाच्याने सांगितले, की उंचवट्याखाली त्यांच्या लोकांची साथीत गेलेली लेकरे पुरलेली आहेत. थोरल्या बाईंची धाकटी बहीणसुद्धा. पूर्वी दगड ठेवले होते, ते रस्त्याच्या कामाला लोकांनी उचलून नेले. तेव्हापासून खूण ठेवत नाहीत.

मी पाया पडू लागलो, तर त्यांनी मला धरून बसवले आणि विचारले, की माझे कुणी जमिनीत आहे का.

पोरी, हे मी तुला कधी सांगितले नाही. तुझ्या काकूला पहिली मुलगी झाली होती. चार महिन्यांची गेली. तेव्हा पुलाच्या कामावर राहत होतो, तिथेच कडेला ठेवली. पुढे रस्ता रुंद झाला. आता तिच्यावरून ट्रक जातात. काकू त्या रस्त्याने कधी गेली नाही, शेवटच्या आजारात दवाखान्यातसुद्धा लांबच्या वाटेने नेली. हे सगळे मी त्या परक्या बाईंना सांगितले.

 मग त्या म्हणाल्या, खुंट्या हाताने काढ, पकड लावू नकोस, आणि तीच माती परत भर. मेळा यंदा इथे नको. पुढचे पुढे बघू.

दहाही काढल्या. तुझी तीन वर्षे मी एका दुपारी घालवली.

ता. १५ मार्च

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

रागावले होते, खोटे कशाला बोलू. दोन दिवस पत्र उघडे ठेवून बसले. समितीने थोरल्या बाईंचा शब्द मानला. मेळा रद्द झाला. मावशी रडल्या, म्हणाल्या माझ्याच खुर्चीपायी. त्यांना मी सांगितले, की उतार तीसच फूट हवा होता. चूक उताराची नव्हती, न विचारण्याची होती. तुम्हालाही तेवढेच सांगते, आणि पुन्हा सांगणार नाही.

मला बहीण होती, हे या वयात कळले. तिचे नाव काय होते?

माया करतच राहा.
तुमची,
टिटवी

ता. २६ मार्च

चि. टिटवीस अ. उ. आ.

नाव ठेवायचे राहून गेले होते. काम उरकले की ठेवू, असे मीच म्हणालो होतो.

काल मेळ्याचा पहिला दिवस असता, म्हणून मैदानावर गेलो. कुणी नव्हते. नऊ खड्डे बुजले आहेत. नवव्या खुंटीच्या जागी माती खचली होती. भर घालावी म्हणून वाकलो, आणि हात मागे घेतला. थोरल्या बाईंच्या घरी जाऊन आधी विचारले. त्यांनी भाच्याकरवी सांगितले, की रविवारी ये, दोघे मिळून भरू. तुझ्या मुलीसाठीही मूठभर माती टाकू, म्हणाल्या.

जाईन. हातोडी घरी ठेवून जाईन.

तुझा,
काका