पालखीच्या आधी

वेरावळ, १८ जानेवारी २०२६

ती. दमयंतीताईस शिवाचा सा. न.

तर मी नाक खुपसतो म्हणे. खुपसणारच. फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावून बसतात, म्हणून कागद काळा करतोय. सतरा फेब्रुवारीची ऑपरेशनची तारीख तू शिमग्यापलीकडे ढकललीस, आणि कारण काय, तर पालखी घरात यायची आहे. तुझं ताट वेगळं मांडतात हेही भावोजींकडून कळलं. तू कशाला सांगशील.

इथे बंदरावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भावोजींनी धाडलेले तुझे रिपोर्ट दाखवले. त्या म्हणाल्या, गर्भपिशवीच्या तोंडाशी बसणारा हा विषाणू पुष्कळ बायकांना कधीतरी होतो नि आपसूक जातो. तुझ्यात तो वर्षानुवर्षं राहिला. पेशीत शिरून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. वाढ आवरणारे राखणदार असतात ना पेशीत, त्यांनाच ती प्रथिनं संपवतात. मग गप्प ठेवलेली जनुकं चालू होतात, चालू असायची ती गप्प होतात, आणि पेशी वाढत सुटते. कॅन्सर तो हाच. ताटावाटीतून तो कुणाला लागत नाही, नि कुणाच्या वागण्यावर बोट दाखवायचंही कारण नाही. पण ती वाढ पालखीसाठी थांबायची नाय गो.

रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझा शिवा

वेळणेश्वर, २७ जानेवारी

चि. शिवास अनेक आशीर्वाद.

आठवी नापास माणसाची डॉक्टरकी पुरे. ह्यांनी तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. राखणदारांपाशी त्यांनी दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. रात्री माझं ताट त्यांच्या शेजारी आलं.

खरं सांगू? पालखीचं निमित्त होतं रे. मला टेबलावर झोपायची भीती वाटते. तू शिमग्याला येशीलच, तेव्हा बरोबर जाऊ असं मनात धरलं होतं.

जेवत जा वेळेवर.
ताई

वेरावळ, ५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

एवढंच होतं तर आधी बोलायला काय झालं होतं? भावोजींनी जुनीच तारीख परत मिळवलीय. मी बोटीच्या शेठकडून शिमग्याची रजा आधी ओढून घेतली. यंदा पालखी नाचवायला मी नाही, नाचवतील बाकीचे. ओटी सासूबाई भरतील, त्यांनी आपणहून कबूल केलंय. पंधराला, रविवारी पोचतो. मंगळवारी आत नेईपर्यंत तुझ्याजवळ आहे, बाहेर आणतील तेव्हाही दाराशीच असेन. घाबरलीस तर खुशाल मला शिव्या घाल.

शिमग्याला म्हणून साठवलेले ऑपरेशनच्या खर्चाला भावोजींच्या खात्यावर टाकलेत, अकरा हजार सहाशे रुपये.