गणिताचं अर्धं पुस्तक

ती. आईस नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

शाळेचं मात्र विचारूच नकोस. गणिताची पुस्तकं निम्मीच आली, म्हणून हेडमास्तरांनी प्रत्येक पुस्तक मधोमध फाडून दोघांत वाटलं. उत्तरं सगळी मागच्या अर्ध्यात! वर तपासणीला आलेले साहेब मलाच विचारतात, "पोरं गणितात कच्ची कशी?" कपाळ माझं!

तू मागे लागलीस म्हणून बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. काल परीक्षेत कागद संपले, तेव्हा वैतागून त्याचीच कोरी बाजू एका मुलीला दिली. तिची दहाच्या दहा गणितं बरोबर आली.

आता तो अर्ज कुठल्या तोंडाने पाठवू?

तुझी वैतागलेली लेक