सुनंदाचे बारा तास

माय,

काल सुनंदाला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडून आलो. आज सकाळची वंदना झाली आणि तुझ्या फोटोपुढं कागद घेऊन बसलो. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यांच्यादेखत तुझी माफी कशी मागणार होतो?

तू पहाटे गेलीस. मेलबर्नला फोन लावला. सुनंदा एवढंच म्हणाली, "दादा, मिळंल त्या विमानानं निघते." दुपारी ती बसल्याचा निरोप आला आणि भावकी विचारायला लागली, पोरगी कधी पोचती?

मी मोबाइलवर मेलबर्न ते आपलं शहर असं शोधलं. साडेनऊ हजारांच्या वर किलोमीटर, वेळ बारा तास. तू हट्टानं शाळेत घातलंस म्हणून अंतराला वेगानं भागता येतं मला. भागून पाहिलं, तर बरोबर आलं! मामाला सांगून टाकलं, "उजाडायच्या आत सुनंदा दारात." बर्फाच्या लाद्या आणल्या. सगळे बसून राहिले.

माय, ते बारा तास सरळ रेघेत उडणाऱ्या पाखराचे होते गं! तिकडून इकडं थेट विमानच नाही. वाळूजच्या कंपनीत इतकी वर्षं शिफ्टच्या बसनं गेलो, ती किती वळणं घेते, किती ठिकाणी थांबते हे रोज पाहिलं. तरी हे सुचू नये?

सकाळी तिचा फोन आला. "दादा, सिंगापूरला बसून आहे. मुंबईचं विमान संध्याकाळी. घरी उद्याच."

मामा माझ्याकडं बघत म्हणाला, "काय रं, बारा तासाचं इमान म्हणला व्हतास. मधीच च्याला थांबलं व्हय?"

कुणी हसलं नाही. मयत घरात असेतोवर आपल्याकडं चूल पेटत नाही. भावकीतल्या एकाही घरात आदल्या दिवसापासून जाळ नव्हता. लेकरं बिस्किटांवर होती. दुपारी मी उठलो, सुनंदाला न विचारता तुला न्यायला सांगितलं आणि अग्नी दिला. सारखं एकच मनात होतं: आता सुनंदा मला जन्मभर माफ करणार नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायच्या वेळी ती पोचली. बॅग खांद्यालाच होती. वाकली, हातानं राख गोळा केली. मी म्हणालो, "सुनंदा, चुकलं माझं."

तिनं विचारलं, "किती वेळ ठेवलंस आईला?"

"दीड दिवस."

"दादा! अख्ख्या भावकीला उपाशी ठेवलंस?" मग रडता रडता हसली. "पहिल्यांदा परदेशी निघाले ना, तेव्हाच आई म्हणाली होती, 'बाई, मी गेल्यावर तुला जमंल तव्हा ये. पर माझ्यापायी कुणाची चूल थंड ठिवू नका. माझं त्वांड आत्ताच नीट बघून घे.' मी लई वेळ बघितलं, दादा."

माय, हे मला का नाही सांगितलंस? थोरल्याला एवढं तरी सांगायचं! की माझ्याजवळ तुझ्या मरणाची गोष्ट काढली तर मी ताटावरून उठेन, असं वाटलं? उठलोच असतो म्हणा.

घरात उपकार मानायची रीत नाही आपली, पण आज मानतो. शेतात राबून आम्हा दोघांना शिकवलंस. लेकीला एवढ्या लांब जाऊ दिलंस आणि तिच्या पायात बेडी ठेवली नाहीस. तुझ्यामुळं ती माझ्यावर न रुसता परत गेली. माझी बहीण मला राहिली, माय! यापेक्षा जास्त कोणती आई काय ठेवून जाते?

दीड दिवस तुला ताटकळत ठेवलं, तेवढं पोटात घाल.

आणि एक शब्द देतो. सुनंदा तिकडं इतकी वर्षं राहते, पण मी तिचं घर एकदाही पाहिलं नाही. दर वेळी लांब आहे म्हणून टाळलं. या हिवाळ्यात जाणार. कुणी गेल्यावर धावत सुटण्यापेक्षा, आम्ही दोघं आहोत तोवर तिच्या ओट्यापाशी बसून गरम भाकरी खाऊन येतो.

तुझा थोरला,
रावसाहेब