बाबा आयरिश झाले

ॲन आर्बर,
मार्च अखेर

प्रिय आशाताई,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे कुठे, तर आन्याच्या व्हायोलिन क्लासच्या पार्किंगमध्ये, गाडीत, हीटर लावून. घरी बाबांचे कान तुला माहीतच आहेत. टीव्ही ऐकू येत नाही, पण शेजारच्या खोलीत मी कुणाशी काय बोलते ते बरोब्बर ऐकू येतं.  तू मागच्या वेळी म्हणालीस, हर्षिताला इथल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली याचा आनंदच आहे, पण ऑगस्टमध्ये लेकीला सोडायला मी येणार नाही, बाबा तुझ्याकडे आहेत तोवर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.  आता हे सगळं वाच, आणि मग ठरव.

बाबा इकडे राहायलाच येऊन तीन-चार महिने झाले. पहिल्या आठवड्यातच त्यांनी आन्याला पकडून आपल्या घाऱ्या डोळ्यांचं आख्यान लावलं. तेच गं, अस्सल कोकणस्थाची खूण, शेकडो वर्षांचं निर्मळ रक्त, पणजोबांचे, म्हणजे तात्या-आजोबांचे डोळे, ते आपल्या आजोबांकडे आले, मग बाबांकडे, मग तुझ्याकडे. मी मात्र आईचे तपकिरी डोळे घेऊन जन्मले, म्हणून लहानपणापासून त्या यादीतून बाद. आन्या अमेरिकन पोरगी, तिला आख्यान नको, पुरावा हवा. तिच्या मैत्रिणीकडे ते लाळेचं किट होतं, नळीत थुंकायचं आणि पोस्टानं पाठवायचं, की तुमचे पूर्वज कुठले ते सांगतात. बाबा इतके खूश झाले म्हणून सांगू! विज्ञानालाही कळू दे म्हणाले. सकाळी दात न घासता, चहा न घेता, अंगणात सूर्याला अर्घ्य द्यावं तशा गंभीर चेहऱ्यानं त्या नळीत थुंकले. जावई असूनही अनीशला हसू आवरेना, तो गॅरेजमध्ये पळाला.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात रिझल्ट आला. आन्या जिन्यावरून ओरडतच खाली आली, आजोबा, यू आर आयरिश! मला वाटलं चेष्टा करतेय, कारण सेंट पॅट्रिक्स डे, तो आयरिश लोकांचा सण, जवळ आलेला, दुकानांतून हिरव्या टोप्या लटकलेल्या. मी लॅपटॉप बघितला आणि ताई, खरंच सांगते, आकडा दोनदा वाचला. बाबा पाव हिस्सा आयरिश आहेत. पाव म्हणजे चारांपैकी एक आजी किंवा आजोबा अख्खा तिकडचा! आणि खाली, जुळलेल्या नातेवाइकांच्या यादीत, एका बाईचं नाव, दूरची चुलत बहीण म्हणून. मोरीन. राहते डेट्रॉइटजवळ, आमच्यापासून तासाभरावर.

बाबा आधी म्हणाले मशीन चुकलं. मग म्हणाले नळ्यांची अदलाबदल झाली असणार, अमेरिकेत कुणाला कशाची काळजी नाही. मग जेवायला खाली येईनात, पूजा करीनात. मला त्यांच्या बीपीची धास्ती लागली. तेवढ्यात मोरीनचाच मेसेज आला. तिच्या आजोबांचा मोठा भाऊ हिंदुस्थानात रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता, इगतपुरी नावाच्या डोंगरातल्या गावी, एवढं तिला घरच्यांकडून ऐकून माहीत होतं. आता तात्या-आजोबा कुठे नोकरीला होते? इगतपुरीला, रेल्वेत, हेडक्लार्क. आपले आजोबा जन्मले कुठे? तिथेच. मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून खोलीत निघून गेले. माझ्या मात्र डोक्यात आपली ती पणजी सारखी येत होती. काय झालं असेल तिच्या बाबतीत? तिच्या मनानं की मनाविरुद्ध? कुणाला बोलली असेल का बिचारी? की जन्मभर मूग गिळून बसली, आणि घरातले लेकाच्या डोळ्यांचं कौतुक करताना ऐकत राहिली?

मला वाटलं होतं बाबा मोडून पडतील. ताई, तुझ्या लग्नाच्या वेळी ज्या माणसानं तुला हॉलमधल्या आरशासमोर उभं केलं, हे डोळे तुझ्या एकटीचे नाहीत, यात आपलं कूळ आहे, म्हणाला; प्रितमदादांना गोड बोलून गोत्र विचारलं, आणि ते हसून आम्ही बौद्ध म्हणाल्यावर, मी जात मानत नाही हो, प्रश्न फक्त रक्ताचा आहे, असं ऐकवलं, त्या माणसाचं आता काय होणार? मी रात्रंदिवस त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. आणि ते काय करतात? दोन-तीन दिवसांनी सकाळी छान दाढी करून खाली आले आणि आन्याला म्हणाले, आयर्लंडचा नकाशा काढून दे.

मी थक्क झाले गं! गॅसवरचं दूध उतू गेलं तरी बघत उभी. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. आयरिश लोक किती प्राचीन, त्यांच्यातही घराणी कशी, कुळं कशी, त्यांनी इंग्रजांना कसं पाणी पाजलं. मी म्हणजे जन्मजात इंग्रजांविरुद्ध, म्हणाले, दोन्हीकडून! शेवटी सगळे आर्यच, हेही म्हणाले. मी कपाळाला हात लावला. दर वर्षी माझ्या ऑफिसात लोक हिरवे शर्ट घालून येतात, मी एक अष्टमांश आयरिश, मी एक षोडशांश, असं सांगतात, ते ऐकून हेच बाबा हसले होते, हे काय लोक गं, अपूर्णांकात कूळ सांगतात! आता स्वतः शेजारी राहणाऱ्या जिमला कुंपणावरून सांगत होते, वन फोर्थ, वन फोर्थ. पणजीचं नाव मात्र एकदाही काढलं नाही. तिकडचा ड्रायव्हर लगेच आपला झाला, आणि इथली बाई कुठल्या कुठे गायब.

सेंट पॅट्रिक्स डेच्या आदल्या रविवारी मोरीननं आम्हाला डेट्रॉइटच्या परेडला आणि नंतर जेवायला बोलावलं. बाबांकडे हिरवं काही नव्हतं, तर बँकेतून रिटायर होताना सत्कारात मिळालेली ती हिरवी शाल आठवते? ती पांघरली. बोचऱ्या वाऱ्यात, बॅगपाइपच्या आवाजात, शाल सावरत उभे, आणि शेजारी येईल त्याला सांगतायत की मी पण तुमच्यातलाच. लोकही कसले, गळ्यात हात टाकून फोटो काढतायत! मोरीन भेटली. सत्तरीची, गुटगुटीत, शाळेतून रिटायर झालेली. तिनं काही न विचारता बाबांना घट्ट मिठी मारली आणि कझिन म्हणाली. डोळे बघ, आमच्या घरातलेच, म्हणाली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

पण मग जेवायला बसलो. मोठ्या पातेल्यात कोबी आणि बटाटे, आणि त्याच पातेल्यातून तिनं मांस काढून शेजारच्या ताटात ठेवलेलं. बाबांना वाढलं. मी घाईघाईनं मराठीत म्हटलं, बाबा, हे गाईच्या मांसाच्या पाण्यात शिजलंय, तुम्हाला ब्रेड आणि लोणी देते. तर ते शांतपणे म्हणाले, असू दे, आपल्याच लोकांच्या घरी पाहुणचाराला नावं ठेवू नयेत. आणि घास घेतला.

ताई, माझं डोकंच फिरलं. आपल्याच लोकांच्या! तुझ्या घरी हा माणूस पाण्याचा घोट प्यायला नाही. हर्षिताच्या बारशाला प्रितमदादा स्वतः न्यायला आले तर आतल्या खोलीत झोपून राहिले. आई अखेरपर्यंत चोरून तुझ्या हातचा शिरा डब्यात आणून खायची. आणि इथे ओळख होऊन दोन तास झाले नाहीत, तर आपल्याच लोकांच्या! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, पण इथे पोटची पोरगी दुसऱ्याची ठरली होती ना! मी सगळं बोलले, भर टेबलावर, मोरीनच्या देखत, मोठमोठ्यानं. प्रश्न फक्त रक्ताचा होता ना बाबा, म्हटलं, मग आता सांगा, कुठलं रक्त? गोऱ्याचं चालतं, आणि प्रितमदादांचं चालत नाही, एवढंच ना? अनीश माझा हात दाबत होता, मी तो झटकला. मोरीननं आन्याला विचारलं, काय झालं? आन्या म्हणाली, माझी एक मावशी आहे, तिच्याबद्दल चाललंय. मोरीन भाबडेपणानं म्हणाली, मग तिलाही आणायचं होतं ना! बाबांनी चमचा खाली ठेवला. 

आणि आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल मी भाजी चिरत होते तर बाबा स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. शाल नव्हती, कुळाची भाषा नव्हती, एकदम म्हातारे दिसत होते. म्हणाले, रुचा, जगाला सांग, पण हे आयरिशचं आशाला कळवू नकोस. मी विचारलं, का? त्यांनी ओट्याला धरलं. मग म्हणाले, ती विचारेल की मग मला का घालवलंत, आणि माझ्याकडे उत्तर नाही गं. एवढं बोलून वर निघून गेले. कुंपणापलीकडच्या जिमला सांगितलं, परेडमधल्या परक्या माणसांना सांगितलं, लाज वाटली ती एका तुझी! म्हणून मी मुद्दाम, त्यांचा शब्द मोडून कळवतेय. रात्री जेवताना मी त्यांना सांगूनही टाकलं की तुला लिहिणार आहे आणि ऑगस्टमध्ये घरीच उतर म्हणणार आहे. मला वाटलं भडकतील, पुण्याचं तिकीट काढ म्हणतील. तर मान खाली घालून एवढंच विचारलं, प्रितमराव पण येतील का? ताई, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तिघंही या. समोर बस, आणि विचार त्यांना.

तुझीच,
रुचा