काकांचा जबडा आणि गार खोली

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (लोळूनच लिहितोय, त्यामुळे खरोखरच साष्टांग). तुझी तब्येत कशी आहे? काकांचा जबडा आता नीट मिटतो का? तो माझ्यामुळे अडकला, मावशी. वायर मी काढली होती.

त्याचं असं झालं. काकांच्या शब्दावर तू मला ह्या दातांच्या दवाखान्यात चिकटवलंस, तेव्हा मागच्या खोलीबद्दल कोणी बोललं नव्हतं. तिथे कपाटाएवढं मशीन आहे. सगळ्या पेशंटांच्या दातांचे एक्स-रे त्याच्या पोटात. ते तापू नये म्हणून एसी कायम चालू. जेवण झालं की मी त्याच्यामागे आडवा होतो. ते आपलं घूं घूं करत राहतं, हिरवे दिवे लुकलुकतात, आणि डोळा लागला की दाढाच दाढा पांढऱ्या पाखरांसारख्या अंगावरून तरंगत जातात (एकीत चांदी भरलेली होती, ती बिचारी जरा खालून उडत होती). असं सुख घरीसुद्धा नाही.

आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरवाल्या मॅडमला बोलावून ठरवलं काय, तर सगळे एक्स-रे क्लाउडवर! म्हणजे लांब कुठल्यातरी कंपनीच्या मशीनमध्ये, इंटरनेटवरून. आपलं मशीन मोडीत, खोलीत दुसरी खुर्ची. मग मी दुपारी लोळायचं कुठे?

म्हणून क्लाउड सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी मी इंटरनेटची वायर हळूच उपटली आणि बाहेर डोकावलो. खुर्चीत नेमके काका असतील हे मला काय ठाऊक! पडद्यावर चक्र गरगरतंय, डॉक्टर म्हणतायत, "अहो, मिटू नका, आलाच फोटो," आणि काका आ वासून छताकडे बघतायत. मला राहवेना.

"डॉक्टर, जुने फोटो पाठवा की तिकडे. रोजचे राहू द्या इथे, आपल्याच मशीनमध्ये."

मॅडम म्हणाली, "अरे, ह्यालाच हायब्रिड क्लाउड म्हणतात."

"म्हणत असतील," मी म्हटलं.

झालं! डॉक्टरांना पटलं. मशीन राहिलं, खोली राहिली, देखरेखीला मी. वायर परत खोचली, फोटोही आला. काका मात्र मिटेनात.

तुझा लाडका (अजून आहे ना?)

ता. क. मॅडमला लोंबणारी वायर दिसली होती. डॉक्टरांच्या कानावर घातलं नाही. फक्त दुपारची निम्मी जागा तिला हवी म्हणाली. पांघरूणही तिनेच घेतलंय. तेवढं एक जाडसं पाठव, हुडहुडी भरते गं.

आणखी एक. हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस, पाया पडतो. काकांचं तोंड मिटत नसेल, तर निदान तुझं तरी मिटून ठेव.