माझ्या हातचं गोल घर

२७ मार्च
संकल्प केला. घर बांधायचं. दगडाचं, गोल, गवताच्या छताचं, आणि स्वतःच्या हातांनी. अजून किती वर्षं धाकट्या भावाच्या आवारात राहायचं? शिवाय आमची तेबेलो सप्टेंबरात बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत आहे आणि माहेर म्हणजे आईबापाचं घर, काकाची कोठीची खोली नव्हे. नातवंड माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, पहिल्यांदा माझ्या हातात द्यायचं. हे मी आज प्रार्थनेत देवालाही स्पष्ट सांगितलं.

बायको, मा-तेबेलो (पहिल्या लेकराच्या नावानं आई ती मा, बाप मी रा), म्हणाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवू, ज्वारीची बिअर गाळू, गाव येऊन चार दिवसांत घर उभं करील. मी नाही म्हटलं. रविवारी प्रार्थनाघरात बायबलचं वाचन करणाऱ्या माणसाचं घर दारूच्या वासावर उभं राहणार नाही. मी, तू आणि देव, एवढे पुरे. ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी." तिचा विश्वास कमी पडतो.

३० मार्च
सर्कल आखायला घेतलं. मधे खुंटी, तिला कातड्याची वादी, वादीच्या टोकाला काठी. साधी गोष्ट. वादी मऊ व्हावी म्हणून ओढ्यात भिजवली होती. अर्धी रेघ आज मारली. उरलेली अर्धी या बाजूचे दगड बसल्यावर. घाई ही अहंकाराची बहीण आहे, असं मला वाटतं.

शेजारचा मोखेले कुंपणापलीकडे घोंगडी पांघरून घोड्यावर बसून बघत होता. वडीलधाऱ्याचा मान देत म्हणाला, "न्ताते, वादी ओली दिसतेय." ओली आहे हे मला माहीत होतं, भिजवली मीच. त्याचं स्वतःचं घर गावानं बिअर पिऊन बांधलेलं. तरी ते गोल आहे, हा निव्वळ योगायोग.

१९ एप्रिल
दगडांचं काम. मा-तेबेलो ओढ्यातून डोक्यावर आणते, मी निवडतो. निवडणं हे खरं काम. वाहणं गाढवही करतं. हे बोलून दाखवलं नाही. अर्धं बोलून झाल्यावर थांबलो.
तिनं विचारलं, "तुम्ही काय उचलताय?" मी म्हटलं, जबाबदारी. ती वळली आणि पुन्हा ओढ्याकडे गेली. पटलं असावं.

२१ एप्रिल
दुसरी अर्धी रेघ मारली. वादी आता छान वाळून कडक झालीये, जरा आखूडही. काम सुबक.

८ मे
भिंत छातीपर्यंत आली. आज दोन्ही टोकं जुळायची होती.
जुळली नाहीत. एक टोक दुसऱ्याच्या हातभर आत आलं. मा-तेबेलो मधल्या फटीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. हसता हसता चिखलात बसली. मोखेले ओरडला, "न्ताते, घर आहे की गोगलगाय?" गोगलगायही देवानंच केलीये, असं मी शांतपणे सुनावलं.

रात्रभर चिंतन न करताच उपाय सुचला: फट म्हणजे दार. मा-तेबेलो म्हणाली, फट दक्षिणेला आहे, बर्फावरचा सगळा वारा तिथूनच येतो, गावात एकाचंही दार तिकडे नाही. गावाला स्वतंत्र विचाराची सवय नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१५ जून
आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा; कडक थंडी. मळलेला चिखल सकाळी दगड होतो. मा-तेबेलो पहाटेपासून डोंगरउतारावर छताचं गवत कापते. माझी पाठ धरली आहे. पाठ धरल्याशिवाय माणूस वर आकाशाकडे बघत नाही. झोपून बराच वेळ बघितलं.

२४ जून
छताचा सांगाडा चढवला. पॉप्लरची ओली लाकडं, माझी स्वतःची गाठ.
संध्याकाळी सांगाडा पडला. पडला म्हणणं बरोबर नाही. बसला.

२८ जून
पुन्हा बसला.

२९ जून
मा-तेबेलोनं आज पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाली, "पोरगी पोट घेऊन उघड्या भिंतीत येणार का? रा-तेबेलो, मला उत्तर द्या. देवाला नको, मला." मी तिला धीर धरायला सांगितलं. तिनं हातातलं गवत माझ्या पायाशी टाकलं आणि भावाच्या खोलीत निघून गेली. स्त्रियांना प्लॅनिंग कळत नाही, पण तिचे हात फाटलेत हे मी पाहिलं.

३ जुलै
मोठ्या मिशनवर वाचकांची सभा आहे. जाणं भाग आहे. मा-तेबेलोनं स्वतः माझी घोंगडी बांधून दिली, चांगली भाकरी दिली, वर म्हणाली, घाई करू नका, सगळ्या प्रार्थना पुऱ्या करूनच या. शेवटी मऊ पडली.

८ जुलै
परत आलो.
छत झालं आहे. पुरं. दाट, सरळ, टोकाला गवताची शेंडीसुद्धा. भिंत गोल झालीये. दार पूर्वेला आहे. दक्षिणेच्या फटीत दगड बसलेत. थंडीनं दगड थोडे सरकतात हे मी ऐकून होतो; इतके सरकतात हे माहीत नव्हतं.

अंगणातली माती तुडवली गेलीये. आंबूस वास येतोय. मोखेलेचे डोळे लाल, चालताना कुंपण धरत होता. सर्दी असावी. मी मा-तेबेलोला विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, "तुम्ही प्रार्थना केलीत ना? मग झालं. पाय झटकून आत या."
मनापासून केली होती, हे खरंच आहे.

१२ जुलै
प्रार्थनाघरात साक्ष दिली: दोन माणसं आणि श्रद्धा, एवढ्यावर घर उभं राहतं. मागच्या बाकांवर खोकल्याची मोठी साथ आली. मोखेले तर बाहेरच गेला.

१० ऑगस्ट
फिनिशिंग. मा-तेबेलो शेणमातीनं भिंती सारवते आणि ओल्या गिलाव्यावर बोटांनी नक्षी काढते. नांगरलेल्या शेतासारख्या रेघा, मधे पाकळ्या. मी म्हटलं, साधी भिंत अधिक धार्मिक. दाखवण्यासाठी एक भाग मी सारवला. दुपारी तो गळून पडला. गाईचा चारा यंदा बरा नाही, शेणाला चिकटपणा नाही.

२४ ऑगस्ट
तेबेलो आली. जावई सीमेपलीकडे खाणीवर कामाला, म्हणून एकटीच. दारात उभी राहून भिंतीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "आई, किती सुंदर केलंस गं." मी तिचे आभार मानले.
चुलीपाशी माझी खुर्ची मांडली. नातवंड हातात घेऊन कसं बसायचं याचा थोडा सराव केला. मा-तेबेलो बघत होती. बाळ म्हणून उशी घ्या मांडीवर, म्हणाली. जमिनीवर ठेवायला गेलो तर खाली ठेवू नका म्हणून ओरडलीसुद्धा, उशीच होती तरी.

१३ सप्टेंबर
सकाळपासून बायका आत-बाहेर. मला खुर्चीसकट अंगणात काढलं. आत ती अडगळ होते, असं कळलं.
दुपारी रडणं ऐकू आलं. मी हात पुसून उभा राहिलो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलं. मोखेले. मुलगी झाली की बापाला भिजवून सांगतात, बाप खाणीवर, म्हणून मान माझा. त्यानं तो फार आनंदानं केला. मीही ओरडलो. आनंदानंच, बहुतेक.

ओल्या कपड्यांनी दाराशी गेलो तर मोखेलेची बायको दारावरच्या गवतात ओढ्याकाठच्या बोरूची एक उभी काडी खोचत होती. मला बघून दारात आडवी झाली. "कुठं निघालात, न्ताते?" मी म्हटलं, माझ्या घरात. ती म्हणाली, "बाळंतिणीचं घर आहे. बोरू खाली उतरेपर्यंत पुरुषमाणूस आत नाही. तुम्ही तर वाचन करणारे, तुम्हाला रीत मी सांगायची का?"

मी विचारलं, कधी उतरतो? आतून मा-तेबेलो म्हणाली, दोन महिने. जास्तच, कमी नाही.
मी म्हटलं, अगं पण हे घर मी बांधलंय.
आत सगळ्या बायका एकदम हसल्या. तेबेलोसुद्धा. पोट दुखतंय, बाबा, हसवू नका, म्हणाली.

१४ सप्टेंबर
भावाच्या कोठीच्या खोलीत झोपलो. गावातल्या साऱ्या बायकांनी बाळाला घेतलं. नाक कुणासारखं विचारलं तर प्रत्येकीनं वेगळं सांगितलं, माझं कुणीच नाही.

संध्याकाळी मा-तेबेलोनं दार थोडं उघडून पाणी मागितलं. मी बादली भरून उंबऱ्यापर्यंत नेली. तिच्या खांद्यावरच्या कापडातून एक पाऊल बाहेर आलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं. मी म्हटलं, जरा इकडे वळ. ती वळली. नीट वळायच्या आत आतून कुणीतरी वारा येतोय म्हणालं आणि दार लागलं.

मी उभा राहिलो. थोड्या वेळानं बादली बाहेर आली. रिकामी.
भरून आणली.