कांजूरचे शनिवार

बाबा, गेल्या आठवड्यात शाळेत तुमचा फोटो लावला. मुलुंडच्या त्याच शाळेत, जिथे तुम्ही शेवटी चित्रकला शिकवायचात. बाईंनी तुमचं सगळं आयुष्य वाचून दाखवलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पोरगा, मग कांजूरमार्गच्या कारखान्यात फिटर, कामगारांच्या नाटकात विंगेतून वाक्यं पुरवणारा, रेडिओवरचा मुलांचा लाडका आवाज, आणि मग ती पुस्तकं. पोरं टाळ्या वाजवत होती. मी पहिल्या रांगेत बसून विचार करत होते, यात शनिवार कुठे आहेत?

तुम्ही कारखाना सोडलात तेव्हा मी चौथीत होते. नोकरी सुटली, पण कांजूर सुटलं नाही. दर शनिवारी जेवून तुम्ही पिशवी घेऊन निघायचात आणि दिवेलागणीला परतायचात. पिशवीत सुकट, नाहीतर सुके बोंबील. आई ते भाजायला घ्यायची. मी ओट्याला टेकून विचारायचे, "कोण देतं गं हे?" ती तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "माका नको विचारू. त्यांका विचार." तुम्हाला विचारलंही. मी येऊ का म्हटलं, तर तुम्ही कधी नव्हे त्या करड्या आवाजात म्हणालात, "तुझं तिथे काही काम नाही." मला काय समजायचं ते मी समजले.

मग तुमच्या पुस्तकांत ती मुलगी आली. खाडीच्या चिखलात खेकडे पकडणारी, मोठ्यांना तोंडावर खोटारडे म्हणणारी. लोक माझा गाल ओढून विचारायचे, "ही तूच ना?" मला खेकड्यांची भीती वाटते. तुम्ही नुसते हसायचात आणि मी ते हसू तपासत राहायचे. तुमचं प्रत्येक पुस्तक मी पोलिसासारखं वाचलं. त्या मुलीच्या आईचं वर्णन कुठे येतं, ते शोधत. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा, दारात कोणी अनोळखी बाई रडत उभी आहे का, ते मी बघत होते.

बाई त्या दिवशी आली नाही. आली ती आता, शाळेतल्या कार्यक्रमानंतर, चहाच्या टेबलापाशी. माझ्याच वयाची. "तू त्यांची मुलगी ना? मी कांजूरची. माझा बाप आणि ते एकाच मशीनवर होते." मी तिचं नाक बघत होते. तुमचे कान तिला नव्हते, पण कान आईवरही जाऊ शकतात.

"शनिवारी ते तुमच्याकडे यायचे?"

"यायचे ना. नवीन गोष्ट वाचायचे. मला कंटाळा आला की मी उठून अंगणात सुकत घातलेले मासे पलटायला जायची. बाप शिव्या द्यायचा. ते म्हणायचे, राहू दे रे, कुठल्या पानावर उठली तेवढं बघू दे मला. तेवढं पान काढून टाकायचे."

तीच पुढे म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं, काका, घरी पोरगी आहे ना, तिला का नाही वाचून दाखवत? तर म्हणाले, ती सगळ्यालाच छान म्हणते."

घरी येताना रिक्षात मी तिच्या बोलण्यात भोकं शोधत होते. कोणी गोष्टीसाठी इतकी वर्षं जातं का? म्हणून काल तिच्या घरी गेले. ओटीवर तिचा म्हातारा बाप बसला होता. तिचंच नाक, तिचीच हनुवटी, हुबेहूब. तिची आई माझा हात धरून माझ्या आईची चौकशी करत होती. आई गेल्याचं कळल्यावर तिचे डोळे भरून आले. माझ्याकडे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

मी सगळ्याला छान म्हणायचे, बाबा, कारण मला वाटायचं, खूश झालात तर शनिवारी घरी थांबाल.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. इतकी वर्षं मी संशय घेतला, तो खरा निघाला असता तर तुमच्यावर रागावून मोकळी झाले असते. ती तुमची मुलगी निघाली असती, तर माझ्या मनाला कमी लागलं असतं.